पाणी नको म्हणणारी लादी

जुलैतली दुपार, बाहेर घोडबंदर रोड पावसात दिसेनासा झालेला, आणि बेडरूमच्या दारात मावशी पिळलेलं फडकं घेऊन उभ्या. "ताई, असल्या पुसण्याला काय अर्थ आहे? जरा पाणी घेऊ द्या ना!"

हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आहेत, तिथे मावशींचं आणि फिनेलचं राज्य. बेडरूममध्ये मात्र लाकडी फ्लोअरिंग. तिथे बादली न्यायची नाही आणि फडकं इतकं घट्ट पिळायचं की पुसल्यावर ओल बघता बघता उडाली पाहिजे. मावशींच्या लेखी हे म्हणजे अंगावरून टॉवेल फिरवून आंघोळ झाली म्हणण्यासारखं.

मनातून मीही त्यांच्याच पार्टीची. घर स्वच्छ झालं असं वाटायला निदान एकदा तरी पाणी वाहायला हवं.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात मोझॅकच्या लाद्या होत्या, पांढऱ्यावर काळे-तांबडे खडे. दिवाळीआधीच्या एखाद्या रविवारी टेबल, शिवणयंत्र, गाद्या, सगळं गॅलरीत निघायचं. बाबा बादल्या आणून ओतायचे, आई पदर खोचून कपड्यांच्या साबणाची पावडर भुरभुरायची आणि खराटा घेऊन भिडायची. फेस दारापर्यंत आला की आम्ही भावंडं धावत येऊन त्यावरून घसरत थेट भिंतीवर आदळायचो. आई ओरडायची, पण दोन फेऱ्या होऊ देऊन. मग ते करडं पाणी खर्र खर्र लोटत मोरीकडे न्यायचं. कपाटामागे एक लादी खचलेली होती, तिथलं तळं चिंध्यांनी टिपायचं काम माझं. गोट्या, केसांच्या पिना, बाबांच्या शर्टाचं बटण, वर्षभर ज्यावरून भांडणं झाली तो सगळा ऐवज तिथेच सापडायचा.

लाकडाला हे लाड सोसत नाहीत. ते हवेतली ओलसुद्धा पितं आणि फुगतं, तेही लांबीत फारसं नाही, रुंदीत. म्हणून तर मिस्त्रीने भिंतीलगत सेंटीमीटरभर फट सोडून वर स्कर्टिंग मारलं. वर्षाला २००० मिलीमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या ठाण्यात त्या फटीला विश्रांती अशी नाहीच. पावसाळ्यात फळ्या एकमेकींना खेटून बसतात. फेब्रुवारीत त्यांच्यात बारीक रेघा दिसू लागतात आणि त्यांत हटकून शेंगदाण्याची फोलपटं. पाणी खाली मुरलं तर फळीच्या कडा वर येतात. डोळ्यांना दिसायच्या आधी ते अनवाणी पायाला कळतं.

बरं, आमचं लाकूड तरी असं कितीसं? खाली प्लायचे थर, वर ३ मिलीमीटर सागवान. म्हणजे फार तर एक-दोनदा तासून पुन्हा पॉलिश करता येईल. लॅमिनेटवाल्यांच्या नशिबी तेही नाही, त्यांच्याकडे वर लाकडाचं छापील चित्रच असतं. व्हिनेगरने पुसा, असं मला किमान तीन नातेवाइकांनी सुचवलंय. पुसू नये. त्या आंबटाने पॉलिशची चमक हळूहळू मरते.

पाण्याएवढीच भीती मला वाटते ती कचकचीची. बारीक वाळूचा एक कण पायाखाली रगडला गेला की चरा पडलाच. पण चपला दाराबाहेर काढायची सवय आपल्याला आजीपासूनची, तेवढ्यापुरते आपण जन्मजात तयार आहोत. उरलं ते खुर्च्या ओढणाऱ्या पाहुण्यांचं. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या चिकटवल्यात, तरी कोणी खुर्ची सरकवली की माझं बोलण्यातलं लक्ष उडतं. समोरचा नोकरी गेल्याचं सांगत असला तरी! हे बरं नाही, कळतं मला.

वरच्या मजल्यावरच्यांनी हुबेहूब लाकडासारखी दिसणारी टाइल घातलीये. रेषा, गाठी, सगळं आहे. वर खुशाल बादलीभर पाणी ओता. डिसेंबरात पाय ठेवला की गार लागते एवढंच. काय भावाने पडली ते विचारून ठेवलंय. नुसतं विचारून.