योख म्हणजे जू

जर्मनीतल्या ट्रिअर शहरातला मोझेल नदीवरचा रोमन पूल आज दिसतो तो दगडी खांबांवर उभा आहे. हे खांब इ. स. 144 ते 152 च्या दरम्यानचे. त्याआधी तिथे लाकडी पूल होता. नदीत सापडलेल्या ओकच्या खांबांची वर्षवलयं मोजून ती झाडं इ. स. पूर्व 18-17 च्या सुमारास तोडल्याचं कळलं. अशाच लाकडी पुलांवरचा एक जर्मन अहवाल मी इंग्रजीत करत होते.

काम द्यायच्या आदल्या दुपारी एका वाक्यावर अडले : ‘योखातले कडेचे खांब तिरके ठोकले आहेत.’ ‘योख’ या जर्मन शब्दाला मी पहिल्या पानापासून ‘स्पॅन’ लिहीत आले होते. कोशात तो अर्थ आहे. पण स्पॅन म्हणजे दोन आधारांमधला मोकळा गाळा, त्यात खांब कुठून येणार? मागे जाऊन पाहिलं तर ‘योखाची रुंदी’ मी ‘स्पॅनची रुंदी’ करून ठेवली होती. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. पुलावरच्या रस्त्याचं माप वाचणाऱ्याने गाळ्याचं समजून घेतलं असतं आणि त्यावरून तुळयांचा हिशेब मांडला असता.

शेवटच्या पानांतली आकृती उघडली. प्रवाहाच्या दिशेने एका ओळीत खांब, कडेचे आत कललेले, सगळ्यांच्या डोक्यावर एकच आडवी तुळई. अरे, हे तर जू! आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं असायचं; बैलांच्या मानेच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं आडवं लाकूड आणि त्यातून खाली उतरलेल्या शिवळा. जर्मन योख, लॅटिन युगुम, इंग्रजी योक, संस्कृत युग आणि आपलं जू, सगळी एकाच मुळाची. रोमन लोक हरलेल्या सैनिकांना ज्या ‘जुवा’खालून वाकून जायला लावत, तेही दोन उभे भाले आणि वर एक आडवा, एवढंच असे.

पुलाच्या खांबांच्या अशा जुवाला इंग्रजीत इंजिनिअर ‘पाइल बेंट’ म्हणतात. पुरातत्त्वाच्या वाचकाला ते उमगेलच असं नाही, म्हणून मी ‘पाइल ट्रेसल’ घेतलं आणि पहिल्यांदा आलं तिथे अर्थ खुलासेवार दिला. लेखकांना आकृतीसकट विचारलं, त्यांनी तासाभरात होकार कळवला.

सगळे ‘स्पॅन’ एका फटक्यात बदलता येईनात. दगडी कमानींच्या प्रकरणात तोच ‘योख’ खरोखरच गाळ्याच्या अर्थाने होता. मग प्रत्येक जागी जर्मन वाक्य पुन्हा वाचायचं, शेजारी आकृती धरायची आणि मगच शब्द बदलायचा. पहाटे साडेचारला शेवटचा बदलला.