लेकराला मोटिव्हेशन नाही म्हणता, पण आधी त्याला एक गणित तर सुटू द्या

ॲडमिशनच्या दिवसात पालक येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "सर, पोरगं हुशार आहे हो, पण मोटिव्हेशनच नाही, तुम्ही जरा समजावून सांगा." मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, सगळीकडून लेकरं येतात इथं, कुणाच्या बापानं सोयाबीन विकून फी भरलेली, कुणाचे आईबाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. या लेकरांना घरच्या परिस्थितीची जाणीव नाही असं कृपा करून म्हणू नका, जाणीव इतकी असते की तिच्याखालीच ती दबून जातात.

आपण समजतो आधी इच्छा पाहिजे मग मार्क येतील. वर्गात मला बरेचदा उलटंच दिसतं, आधी काहीतरी जमतं आणि मग बसायची इच्छा होते.

एक पोरगा होता, मराठी मीडियमचा, दहावीला नव्वदच्या वर, इथं इंग्रजीतला पेपर बघून गारच पडला. टेस्टमध्ये निगेटिव्ह मार्किंगनं होते तेवढे पण जायचे, आणि घरून रोज फोन, "बाळा, आमचे कष्ट बघ." त्याला एकदा थांबवून घेतलं, उतारावरचा ठोकळा काढायला लावला, बाकी काही नाही, फक्त बलं दाखव म्हटलं. एमजीचे, म्हणजे ठोकळ्याच्या वजनाचे, दोन भाग करताना त्यानं उताराच्या दिशेनं कॉस थीटा लावलं. मी म्हटलं, कोन शून्य कर, जमीन सपाट झाली, आता ठोकळा घसरंल का? कोन शून्य असला की कॉस एक येतो, म्हणजे त्याच्या हिशेबानं सपाट जमिनीवर पण ठोकळा पूर्ण वजनानं घसरणार. जरा वेळ बघत राहिला, मग स्वतःच खोडून साइन लिहिलं, जे तिथं शून्य येतं, आणि म्हणला, "सर, अजून एक द्या की." हे कुठल्याच भाषणानं झालं नसतं.

डेसी आणि रायन हे दोन मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात, की माणूस मनापासून कामाला लागायचा तर ते त्याच्या मर्जीचं पाहिजे, जमतंय असं वाटलं पाहिजे आणि सोबत आपली माणसं पाहिजेत. बक्षिसाचं पण बघा, 1973 साली अमेरिकेत बालवाडीतल्या चित्रांची आवड असलेल्या पोरांवर एक प्रयोग झाला होता, सर्टिफिकेट मिळंल असं आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली ती पोरं नंतर मोकळ्या वेळेत बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. आणि आपण म्हणतो नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, सहाशेच्या वर आण, बुलेट घेतो!

अर्थात सगळं मोटिव्हेशनवर ढकलणं पण चूकच. मेसचं जेवण नीट नाही, एका खोलीत चौघं, झोप पुरत नाही, नववी-दहावीचा पाया कच्चा, अशा लेकराला व्हिडिओ दाखवून काय होणार? ज्याचं त्रिकोणमितीत अडलंय त्याला त्रिकोणमितीच शिकवावी लागती.

म्हणून पालकांना मी एवढंच म्हणतो, रविवारी टेस्ट झाल्यावर फोन केला की लगेच रँक विचारू नका हो. जेवलास का विचारा, आणि कोणता प्रश्न सुटला ते विचारा, तुम्हाला फिजिक्स कळत नसलं तरी चालतं, त्याला सांगू द्या.