कुजणाऱ्या साहित्याचे घर

दापोलीजवळच्या आमच्या आजोळच्या घराची मागची भिंत तीन पावसाळ्यांपूर्वी ढासळली. नेमके सांगायचे तर भिंत ढासळली नाही. तिच्यावरचा सिमेंटचा गिलावा सुटला आणि सुटताना चार बोटे जाडीचा मातीचा थर सोबत घेऊन खाली आला. तो गिलावा करून घेण्याचा आग्रह माझाच होता. पुण्यात मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते, त्यामुळे अशा बाबतीत माझा शब्द घरात अखेरचा मानला जातो. दरवर्षी मातीने लिंपत बसण्यापेक्षा एकदाच पक्के काम करून टाकू, असे मी मामांना सांगितले होते आणि त्यांनी ते फारशी कुरकुर न करता ऐकले होते. त्यांनी कुरकुर करायला हवी होती.

त्यानंतर त्या घराची जी दुरुस्ती आम्ही केली, ती माझ्या व्यवसायातील शिक्षणाचा उरलेला भाग होती असे मला वाटते. आमच्या क्षेत्रात सध्या ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ग्राहक बांबू, माती, ताग, काथ्या अशा साहित्याची यादी घेऊनच येतात आणि आम्हीही ती यादी पुरी करून देतो. साहित्य नैसर्गिक असले की आराखडा आपोआप पर्यावरणपूरक होतो, असा एक समज त्यामागे असतो. त्या भिंतीने माझा हा समज मोडला, कारण ती भिंत पूर्णपणे नैसर्गिक साहित्याची होती आणि तरीही मी तिच्याशी ज्या रीतीने वागले, त्या रीतीने तिचे मरण ठरलेले होते.

झाले ते असे. घराचे जोते जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे आणि त्यावरच्या भिंती कच्च्या विटांच्या आहेत. जमिनीतील ओल जोत्यातून थोडीफार वर चढतेच. मातीची भिंत ती शोषून घेते आणि उघडीप मिळाली की दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. भिंतीचे हे पिणे आणि सुकणे वर्षभर चालू असते. त्यावर सिमेंटचा कडक थर चढवला की सुकण्याची वाट बंद होते. शिवाय ओलीने मातीची भिंत किंचित फुगते आणि सुकताना आकसते. सिमेंट मात्र त्या प्रमाणात हलत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये पोकळी धरते आणि गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचे पाणी आत जायला जागा मिळते, बाहेर यायला मिळत नाही. आमच्या भिंतीवर टिचकी मारली की माठासारखा आवाज येत असे, आणि तो आवाज मी मजबुतीची खूण समजत होते. गिलावा पडला तेव्हा त्याच्या पाठीमागे वाळवीने नदीच्या नकाशासारखे रस्ते काढलेले सापडले.

दापोलीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात मातीचे घर बांधणाऱ्यांना माती विरघळते हे ठाऊक नव्हते, असे तर कोणी म्हणणार नाही. भिंत पावसात भिजली की गमावलीच, हे गृहीत धरूनच त्यांनी बाकीचे सगळे घर आखले. छपराची पाखे भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणली, जोते गुडघ्याच्याही वर उचलले, चहूबाजूंनी पडवी फिरवली आणि नैऋत्येकडून येणाऱ्या झडीसाठी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे ज्येष्ठात भिंतीला लावून दिवाळीच्या सुमारास काढण्याची पद्धत ठेवली. झावळ्या एका पावसाळ्यात कुजतात आणि मग माडाच्याच आळ्यात जातात. घरातले सर्वांत लवकर कुजणारे साहित्य सर्वांत बाहेर, चटकन बदलता येईल अशा जागी. त्याहून टिकाऊ साहित्य आत. आणि अजिबात न कुजणारा दगड जमिनीशी. मी शिकलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमात साहित्याच्या आयुष्यानुसार त्याची जागा ठरवण्याचा हा विचार इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला आठवत नाही.

मला त्या घराची भाबडी स्तुती मात्र करायची नाही. छपरावर मंगळुरी कौले आहेत, म्हणजे १८६५ साली मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा जो कारखाना काढला त्या कारखानदारीचीच ती अपत्ये. आमच्या पणजोबांनी नळ्याची गावठी कौले उतरवून ती चढवली, तेव्हा ती परगावची नवी फॅशन होती. आजी शेणाने जमीन सारवताना तिला काळाभोर रंग यावा म्हणून टॉर्चचे वापरलेले सेल फोडून त्यातली काळी पूड शेणात कालवत असे, आणि आम्ही मुले त्याच जमिनीवर बसून जेवत असू. परंपरेत सगळे शुद्धच होते असे मानणाऱ्यांना मी ही आठवण मुद्दाम सांगते.

दुरुस्तीला आम्ही चुना वापरायचे ठरवले. चुना काही कुजणारा पदार्थ नाही, तेव्हा या लेखात त्याला कडेने प्रवेश आहे. पण मातीच्या भिंतीला जगू देणारे ते कवच आहे, कारण तो पाण्याची धार अडवतो आणि ओलीची वाफ बाहेर जाऊ देतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. सिमेंटच्या भट्टीला मात्र १,४५० अंशांच्या आसपास तापमान लागते. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुटतो आणि त्याचा लोण्यासारखा गोळा होतो. तो भिंतीवर चढला की महिनोन्महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. भट्टीच्या जळणाचा हिशेब त्याने फिटत नाही, पण भाजताना दगडाने जे सोडले त्यातले बरेचसे तो परत घेतो. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी हा चुना शिंपले भाजूनही करीत असत.

आम्हाला चुना विरवून मुरवायला दोन महिने द्यावे लागले, आणि येथेच माझ्या पुणेरी वेळापत्रकाची पहिली फजिती झाली. शेजारच्या गावातले एक वयस्क गवंडी, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी चुन्याच्या टाकीत फळी घालून पाहिली आणि ‘अजून कच्चा आहे’ एवढेच सांगून ते निघून गेले. असे तीन वेळा झाले. नीट न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर तो पुढे भिंतीवरच ओल पिऊन फुगतो आणि तेवढा टवका उडवतो, हे कारण त्यांनी मी खोदून विचारल्यावर सांगितले. मग एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, त्यात हिरड्याचे पाणी आणि थोडा गूळ, असे मिश्रण झाले. गुळाने मिश्रण जास्त वेळ हाताखाली राहते आणि लवकर ताठत नाही. बेलफळाचा गर आणि उडदाचे पीठ घालण्याचीही रीत आहे. पण काकांच्या मते ते वाड्यांचे लाड होते आणि मागच्या भिंतीला त्यांची गरज नव्हती. सिमेंट काढलेल्या जागी आधी भाताच्या पेंढ्यासह आठवडाभर कुजवलेला चिखल भरला, तो पुरता सुकू दिला आणि त्यावर चुना चढवला. ताजा गिलावा उन्हात तडकतो, म्हणून ओल्या गोणपाटाने पंधरा दिवस झाकून ठेवला. एक सावधगिरी सांगून ठेवते: ओला चुना कातडी आणि डोळे भाजतो, त्यामुळे ‘नैसर्गिक’ आहे म्हणून उघड्या हातांनी त्याच्याशी खेळू नये.

जमिनीच्या बाबतीत माझा आणि मामींचा वाद झाला. माजघरात मला चोपून केलेली मातीची, शेणाने सारवलेली जमीन ठेवायची होती. तिच्याविषयी सांगण्यासारखे खूप आहे: शेणातला न पचलेला बारीक तंतू मातीला भेगा पडू देत नाही, पायाला ती उन्हाळ्यात गार लागते, आणि एखादा कोपरा उखडला तर तेवढाच भिजवून पुन्हा चोपता येतो, मागे राडारोडा उरत नाही. मामींनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘सारवणार कोण?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून दर आठवड्याला गुडघ्यांवर बसून त्यांनी ही जमीन सारवली आहे आणि आता त्यांचे गुडघे गेले आहेत. मातीच्या घरांवर लिहिल्या जाणाऱ्या सुंदर लेखांत देखभालीचा खर्च कमी असतो असे वाक्य हमखास असते; तो कमी दिसतो, कारण तो बाईच्या अंगावर पडतो आणि तिच्या अंगमेहनतीची पावती कोणी फाडत नाही. शेवटी माजघरात शहाबादी फरशी आली, आणि मातीची जमीन फक्त ओटीच्या एका बाजूला, जिथे मी वर्षातून तीनदा येऊन स्वतः सारवू शकेन एवढीच, राखली. गेल्या वर्षी मी दोनदाच जाऊ शकले आणि जमिनीवर ते दिसते.

सेवाग्रामची बापू कुटी मी पुष्कळ वर्षांपूर्वी पाहिली होती. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला गेले, त्या काळातल्या मातीच्या भिंती, बांबू आणि कौले आजही उभी आहेत. तेव्हा मी साधेपणाने भारावून परतले होते. आता आठवते ती भिंतींवरची हातांनी लिंपल्याची ताजी वळणे. कोणीतरी ते काम वर्षानुवर्षे न चुकता करीत आहे, म्हणून ती कुटी आहे.

बांबूने मला वेगळ्याच पेचात टाकले. माजघर आणि कोठीच्या खोलीमधला कारवीचा जुना कूड पार पोखरला होता. कारवी आता मिळणे अवघड आहे आणि जंगलातून तोडून आणणे मला पटतही नव्हते, म्हणून गावातच बांधावर होणाऱ्या माणगा बांबूचा पडदा करायचे ठरवले. खासगी जमिनीतला बांबू तोडणे आणि नेणे २०१७ साली कायदा बदलल्यापासून सोपे झाले आहे. तोपर्यंत वनकायद्याच्या दृष्टीने हे गवत ‘झाड’ होते. बांबूत साखर आणि पिष्ट असते आणि त्यासाठीच भुंगा येतो. जुनी माणसे हिवाळ्यात, जून काठी पाहून तोड करीत आणि काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात दाबून ठेवीत, म्हणजे आतले पिष्ट धुऊन जाई. आमच्या वहाळाला तेव्हा तेवढे पाणी नव्हते. म्हणून बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांच्या पाच टक्क्यांच्या द्रावणात काठ्या बुडवल्या. हा उपाय इतर रसायनांच्या मानाने सौम्य आहे आणि चालतोही. मात्र बोरॉनचे हे क्षार पाण्यात धुऊन जातात, तेव्हा असा बांबू उघड्या पावसात लावून उपयोग नाही. आणि उरलेले द्रावण झाडांच्या मुळाशी ओतायचे नाही, कारण जास्त झालेले बोरॉन झाडांना बाधते. म्हणजे कुजणारी वस्तू कुजू नये म्हणून मी तिला औषध पाजले आणि त्यामुळे ती शेवटी निर्धास्तपणे मातीत घालण्याजोगी राहिली नाही. या पेचावर मला पूर्ण समाधानकारक तोड सापडलेली नाही. पडदा खिळ्यांऐवजी सुंभाने बांधला आहे, त्यामुळे खराब झालेली एक काठी सोडवून दुसरी घालता येते, एवढेच मी करू शकले.

पुण्यात परतल्यावर व्यवसायातल्या वस्तूंकडे पाहण्याची माझी दृष्टी जराशी तिरकी झाली आहे. बांबूच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या फळ्या प्रत्यक्षात बांबूच्या पट्ट्या रेझिनमध्ये दाबून केलेल्या असतात आणि त्या रेझिनचे पुढे काय होणार हे कोणी विचारत नाही. मक्याच्या पिष्टापासून केलेले पीएलए प्लास्टिक ‘कंपोस्टेबल’ असते, पण त्यासाठी ५८-६० अंशांवर चालणारा मोठा खतप्रकल्प लागतो. परसातल्या केळीखाली मी पुरलेला तसला पेला पुढच्या वर्षी धुऊन परत वापरता आला असता. विघटन हा त्या पेल्याचा गुण नाही, पेला आणि प्रकल्प या जोडीचा आहे, आणि जोडीतला दुसरा भागीदार आपल्या गावात आहे का हे विकत घेण्यापूर्वी पाहायला हवे. वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत असत की आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, असे गांधीजींनी त्यांना सुचवले होते. मी त्यात माझ्यापुरती एक भर घालते: ते घर दुरुस्त करणारा माणूसही त्याच पाच मैलांत असावा. आमचे गवंडीकाका सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. त्यांचा मुलगा चिपळूणला सिमेंटचीच कामे घेतो आणि त्यात त्याचे चुकते असे मला म्हणवत नाही.

न्हाणीघर आम्ही सिमेंटचेच ठेवले. रोज पाणी सांडणाऱ्या जागी मातीचा हट्ट धरण्यात मला शहाणपण दिसले नाही. मात्र ते घराच्या मातीच्या भिंतीपासून दोन फूट सुटे बांधले, म्हणजे त्याची ओल त्याच्यापाशीच राहील. मागच्या भिंतीने यंदाचा पावसाळा बिनघोर काढला. तळाशी हातभर उंचीवर हिरवट छटा आली होती, ती दसऱ्यापर्यंत उतरली. झापे लावायला मामांना उशीर झाला होता आणि मृगाच्या पहिल्या झडीने पश्चिमेच्या कोपऱ्यातला सफेतीचा हात धुऊन नेला. टाकीतला उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला आहे. काकांनी तो पाहिला आणि प्रथमच ‘आता बरा झालाय’ असे म्हणाले. पुढच्या महिन्यात तो कोपरा करायचा आहे.