लुंपिया बोटाएवढाच हवा

गाड्यावरचा स्प्रिंग रोल चांगला जाडजूड असतो, आत शिजवलेला कोबी आणि नूडल्स. फिलिपिन्सचा लुंपिया शांघाय वेगळा. (शांघायशी संबंध नावापुरताच, रोलची ही पद्धत फिलिपिन्सला नेली ती चीनच्या फुजियान प्रांतातल्या लोकांनी.) यात खिमा कच्चाच भरतात आणि बाकीचे सगळे नियम त्यातूनच येतात. रोल जाड झाला तर बाहेरून करपतो आणि आत खिमा गुलाबी राहतो. म्हणून लांबी चार इंच, जाडी तर्जनीएवढी.

तिकडे बहुतेक डुकराचा खिमा घेतात. घरात चालत नसेल तर चिकन घ्या, पण मांडीचं. छातीचा खिमा कोरडा होतो. मांडीच्या खिम्यातही चमचाभर तेल घाला. अर्धा किलो खिम्याला 100 ग्रॅम गाजर, एक मध्यम कांदा, सहा लसूण पाकळ्या, दोन काड्या कांद्याची पात, एक अंडं, एक मोठा चमचा सोया सॉस, तेवढंच कॉर्नफ्लोअर, पाऊण छोटा चमचा मिरपूड आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सोया सॉस खारट असतो, मीठ वाढवू नका. गाजर आणि कांदा अगदी बारीक किसून फडक्यात घट्ट पिळायचे. हे पाणी आत राहिलं तर पारी भिजते, तेलात फुटते आणि तेल अंगावर उडतं. सारण झाल्यावर लिंबाएवढा गोळा चपटा करून तव्यावर भाजून चव बघा, कच्चं चाखू नका.

पारी फ्रीजरमधली तयार मिळाली तर उत्तम, मोठी असेल तर अर्धी कापा. समोशाची पट्टी अरुंद पडते, तिच्या नादी लागू नका. घरी करायची तर 125 ग्रॅम मैदा, एक चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि दीड कप पाणी फेटून, गाळून अर्धा तास ठेवा. नॉनस्टिक तवा कोमट असतानाच ब्रशनं पातळ थर द्या. तवा तापलेला असला की पीठ ब्रशलाच गोळा होऊन येतं. कडा सुटल्या की काढा, उलटायची नाही. आपल्याकडे मांडे करणाऱ्या हातांना हे काही अवघड नाही. एकावर एक ठेवताना मधे थोडा कोरडा मैदा भुरभुरा आणि वर ओलसर फडकं टाका.

प्रत्येकी मोठा चमचाभर सारण काठालगत लांब पसरायचं, घट्ट गुंडाळायचं, शेवट मैद्याच्या खळीनं चिकटवायचा. आत हवेची पोकळी राहिली तर तळताना तिथंच फुटतो. एवढ्या सारणात साधारण चाळीस होतात.

तेल 170 अंशांवर, मध्यम आचेवर. थर्मामीटर नसेल तर पारीचा तुकडा टाका: तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा. लगेच वर आला तर आच कमी करा. एका वेळी सहा-सातच सोडा, चार-पाच मिनिटं तळा. पहिल्या घाण्यातला एक मधोमध कापून बघा. काढल्यावर कागदावर आडवे पसरू नका, वाफेनं खालची बाजू मऊ पडते. जाळीवर उभे ठेवा. आपल्या पावसाळ्यात तर दहा मिनिटांतच कुरकुरीतपणा जातो, तेव्हा पानं वाढून झाल्यावरच तळायला घ्या.

उरलेले कच्चेच ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भरा, महिनाभर टिकतात. गोठलेलेच तेलात सोडायचे, आच थोडी कमी, दोन मिनिटं जास्त. वितळू दिले तर पारी चिकटून फाटते.

बरोबर गोड-आंबट सॉस देतात, पण मला व्हिनेगरच पटतं. फिलिपिन्समध्ये माडाच्या ताडीचं व्हिनेगर वापरतात, आणि तसलंच गोव्यात होतं. चोर्ला घाटातून कुणी येत असेल तर एक बाटली सांगून ठेवा. अर्धी वाटी व्हिनेगर, ठेचलेला लसूण, मिरपूड, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि एक हिरवी मिरची. तासभर आधी करून ठेवा, लसणाचा उग्रपणा मरतो.