आमची वाटचाल: आधी आय फ्रेम

मधली बरी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माल गेला, पैसे आले. सांगायचंय ते मोबाइल नेटवर्कवरून थेट व्हिडिओ पाठवणाऱ्या आमच्या डब्याच्या पेटंटचं.

एन्कोडरवाल्यांना, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करणाऱ्यांना, सांगायला नको, आय फ्रेम (स्वतःपुरतं पूर्ण असलेलं चित्र) गेली की पुढची येईपर्यंत पडद्यावर नुसते चौकोन. बी फ्रेम (आजूबाजूच्या चित्रांवरून बनणारं चित्र) गेली आणि तिच्यावर दुसरी फ्रेम अवलंबून नसली, तर कुणाला पत्ता लागत नाही. एच.२६४ या व्हिडिओ प्रमाणात प्रत्येक नॅल युनिटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, त्यासाठी दोन बिट असतात. ते शून्य असले तर युनिट खुशाल टाकून द्या. आमचा डबा याच्या पुढे गेला. तो मोडेमच्या बफरवर, म्हणजे पाठवायचा डेटा साठतो त्या जागेवर, नजर ठेवतो, बफर भरत आला की शून्यवाल्या बी फ्रेम आतच गाळतो आणि आय फ्रेम दोनदा पाठवतो. सिंहगड रोडच्या गाळ्यात, जुन्या लिनक्स पीसीवर नेटेम हे खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन लावून, मुद्दाम डेटाची पॅकेट पाडून भागीदाराने हे जुळवलं. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही.

पंढरपूरचे केबलवाले अण्णा आमचं पहिलं गिऱ्हाईक. आषाढीला वारकऱ्यांच्या मोबाइलनी टॉवर गुदमरतात, तरी वाळवंटातलं त्यांचं थेट प्रक्षेपण तुटलं नाही.

आणि पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. पेटंट कायद्याचं कलम ३(के), म्हणे निव्वळ संगणक प्रोग्राम! आदेशात बफरचा उल्लेखसुद्धा नाही. एका स्पर्धकाने तोच आदेश छापून गिऱ्हाइकांच्या टेबलावर ठेवला आणि आमच्यासारखाच डबा विकायला काढला. टेंडरं गेली, बँकेने सीसी (कॅश क्रेडिट) आवळली, भागीदाराने गाडी विकून पगार केले. अण्णांनी पुढच्या वर्षीचं एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) आगाऊ भरलं आणि म्हणाले, "तुम्ही लढा हो."

कलम ११७ए खाली अपील केलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळच रद्द झालं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१९ चा फरीद अल्लानी निकाल पुढे ठेवला: तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर संगणक वापरला एवढ्यावरून शोध नाकारता येत नाही. आदेश रद्द झाला, फेरसुनावणी दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे झाली, पेटंट मिळालं.

नव्या मुलांनो, पेटंटच्या दाव्यातच (ज्यावर हक्क मागतो त्या मजकुरात) मोडेम, बफर, लिंक लिहा. चाचणीचे आलेख पहिल्या दिवशीच जोडा. नंतर नवा मजकूर घालता येत नाही.

पेटंटची २० वर्षं मोजतात अर्जाच्या तारखेपासून, त्यामुळे अपिलात गेलेली वर्षं आमचीच बुडाली. पण नुकसानभरपाई अर्ज प्रसिद्ध झाला त्या दिवसापासूनची मागता येते, आणि तेवढी मागणारी नोटीस त्या स्पर्धकाला गेली आहे.