सहा वाजून सहा मिनिटं

केंद्राध्यक्ष म्हणून ही माझी चौथी निवडणूक, पण कंट्रोल युनिट (मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग) मांडीवर घेऊन बोटीत बसायची पहिलीच वेळ.

नोव्हेंबर 2024, विधानसभा. मतदारसंघ क्रमांक 1, अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. अक्कलकुवा आणि धडगाव हे दोन डोंगराळ तालुके, आणि उत्तरेला नर्मदा. सरदार सरोवराचं पाणी चढलं तशी काठच्या काही गावांची वाट बुडाली. आमचं केंद्र त्यातल्याच एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मोबाइलला रेंज नाही. टक्केवारी पोलिसांच्या वायरलेसवरून कळवायची. चार मतदान अधिकारी, दोन पोलीस, नावाडी आणि मी. बोटीत सगळे गप्प. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राची, पेटी मात्र प्रत्येकाने एकेकदा चाचपून पाहिली.

20 तारखेला पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. 50 मतं टाकली, मोजली, सीआरसी केलं, म्हणजे मशीन बंद करून, निकाल पाहून ती मतं पुसली. (प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं, जेवायला विसरा पण हे विसरू नका.) सातला पहिली म्हातारी आली. शाई लावायला डाव्या हाताची तर्जनी धरली, तर नखावर मेच्या लोकसभेची जुनी रेघ टोकाशी जेमतेम उरलेली.

उमेदवारांचे प्रतिनिधी दोन, दोघेही गावचेच, दिवसभर एकमेकांवर डोळे वटारून. एक के. सी. पाडवींचा, दुसरा आमश्या पाडवींचा. केसी तेव्हा 1990 पासून या भागाचे आमदार, सलग सात वेळा. 2019 ला आमश्या त्यांच्याकडून 2,096 मतांनी हरले होते, त्यामुळे एकेक नाव पुकारलं की दोघांची पेन्सिल यादीवर फिरायची. माजी खासदार हिना गावितही अपक्ष उभ्या होत्या, पण त्यांचा प्रतिनिधी आमच्याकडे नव्हता.

दुपारी शुकशुकाट. यादीतली बरीच तरुण नावं कापूस वेचायला गुजरातेत गेलेली.

सहा वाजता बाहेर येऊन मोठ्याने वेळ संपल्याचं सांगितलं. रांगेत अकरा जण होते. नियमाप्रमाणे शेवटच्या माणसापासून पुढे सह्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या. तेवढ्यात पाण्यावर एक बोट दिसली. तिचं इंजिन मध्येच बंद पडलेलं, दोघे वल्ही मारत होते. काठाला लागून ते सात जण चढ चढून धापा टाकत दारात आले तेव्हा माझ्या घड्याळात सहा वाजून सहा मिनिटं. सगळे यादीतले. गुजरातमधल्या केवडियाच्या बाजूने आले होते. एकीच्या कडेवर पोर.

आणि दिवसभर भांडणारे दोघे प्रतिनिधी पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "घ्या सर. आमची काही हरकत नाही."

खरं सांगायचं तर मशीनलाही कळलं नसतं. चिठ्ठीवाल्यांचं मतदान चालूच होतं, सातानंतर मतदान बंद करायचं क्लोजचं बटण दाबलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. पण सहा वाजता जो रांगेत, त्यालाच चिठ्ठी. मी नाही म्हणालो. कोतवालाने भिलीत समजावलं. त्यांच्यातला एक काहीतरी म्हणाला, आणि कोतवालाने त्याचं मराठी करायचं टाळलं. ती बाई मात्र जागची हलली नाही. अकराजणांचं मत होईपर्यंत ती दारातून मशीनच्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे बघत होती.

झालेल्या मतांच्या हिशोबाचा नमुना सतरा-क भरला, प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या, पेट्यांना सील ठोकलं. रात्र शाळेतच काढली.

शनिवारी, 23 ला, शहाद्याला घरी टीव्हीवर निकाल लागला. आमश्या पाडवी 2,904 मतांनी विजयी. बायकोने विचारलं, तुमच्या केंद्रावर काय झालं? सुरळीत, म्हणालो.

मग धुवायला टाकताना शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या सापडल्या. घाईत वीसांवर सह्या करून ठेवल्या होत्या. नऊ उरलेल्या.