पडद्यांची खोली

स्मरणिकेसाठी काही लिही म्हटल्यावर पहिली आठवली ती स्टेजमागची खोली, जुने पडदे ठेवायची.

नववीत दुसरं महायुद्ध शिकवताना इतिहासाच्या बाई आम्हाला सभागृहात घेऊन गेल्या आणि आठ जणांना त्या खोलीत बसवलं. नाझींपासून लपलेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक आणि तिच्यासोबतची माणसंही आठच होती. ॲमस्टरडॅममधल्या एका कंपनीच्या मागच्या इमारतीत ती लपली होती. खाली गोदामात कामगार असायचे, म्हणून दिवसा नळ सोडायचा नाही, संडासात पाणी टाकायचं नाही, खोकला आला तरी गिळायचा. आमच्या आठांना तासभर तसं राहायचं होतं.

मला बाईंनी बाहेर ठेवलं. "तू मीप. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडावर ते दिसता कामा नये." मीप म्हणजे त्या आठांना मदत करणारी कंपनीतली कर्मचारी. मी हिरमुसलो. खरी मजा आत होती ना!

अर्ध्या तासाने शेजारच्या वर्गाचे सर आले. बाईंनीच त्यांना बोलावलं होतं, हे मागाहून कळलं. "आठ जण कमी दिसतात. कुठे गेले?" मी तोंड उघडलं नाही. नजर मात्र दाराकडे गेली. सर उठले आणि त्यांनी ते दार उघडलं.

बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकोलस ओवेनची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी नुसतं राहणं हाही देशद्रोह होता, तेव्हा हा ठेंगणा, लंगडणारा सुतार त्यांच्यासाठी भिंतींत, जिन्यांखाली लपायच्या जागा करायचा. काम रात्री, एकट्याने, म्हणजे दुसऱ्या कुणाला काही माहीतच नको. १६०६ मध्ये तो पकडला गेला. टॉवर ऑफ लंडनमध्ये छळ सोसून मेला, पण एकही जागा त्याने सांगितली नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो.

पुढे ॲमस्टरडॅमला गेलो. लपायच्या जागेचं दार झाकणारं ते फिरतं कपाट अजून तिथे आहे. मागच्या खोल्यांपेक्षा मी त्याच्यासमोरच जास्त वेळ उभा राहिलो. मीप खीस आणि तिचे सहकारी बेप, क्लाइमान, कुग्लर २५ महिने इथेच कामाला येत होते, वर अन्न पोचवत होते आणि चारचौघांत काही न घडल्यासारखे वागत होते. ४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली. आठांपैकी एकटे ॲनचे वडील ऑटो फ्रँक परतले. क्लाइमान आणि कुग्लर यांनाही छावणीत नेलं होतं.

त्या दिवशी पडद्यांच्या खोलीत श्वास रोखून बसलेल्या माझ्या आठ मित्रमैत्रिणींची माफी मागायची राहून गेली होती. ती इथे मागतो.